बेंबेया जाझ: सरकारी पगारावर वाजलेलं संगीत मोकळं असतं का?

तंतुनाद:
‘सरकारी कला म्हणजे रटाळ’ हे मला अजिबात पटत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीचा बेंबेया जाझ हा बँड ऐका. 1958 मध्ये गिनी फ्रान्सपासून स्वतंत्र झाला, तेव्हा तिथल्या नाचघरांत युरोपी चालीच वाजत होत्या. राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांनी जुने बँड बरखास्त केले, आपल्या मातीतलं वाजवा म्हणाले, ठिकठिकाणी वाद्यवृंद उभे केले. वाद्यं सरकारची, पगारही सरकारचा. राजधानी कोनाक्रीपासून लांब, बेयला नावाच्या आडगावात 1961 साली सुरू झालेला हा बँड 1966 मध्ये राष्ट्रीय वाद्यवृंद झाला. एरवी बेयलाच्या पोरांना कुणी विचारलं असतं? शेजारच्या मालीनेही पुढे हाच कित्ता गिरवला.

रानवाट:
गिटार सरकारची, मान्य. बोटं कुणाची? बँडचा गिटारवादक सेकू ‘बेंबेया’ दियाबाते हा जेली घराण्यातला, म्हणजे पिढ्यानपिढ्या राजांच्या वंशावळी गाणाऱ्यांतला. बालाफोनच्या लाकडी पट्ट्यांवर काठ्या पडाव्यात तसे त्याचे स्वर सुटे, टणटणीत पडतात, आणि मधेच एखादा लांबलचक घसरत जातो. हे कुठल्या पक्षाने शिकवलेलं नाही.

आणि या पगाराची किंमत? तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणारं त्यांचं ‘रगार स्युर ल पासे’ म्हणजे फ्रेंचांशी लढलेल्या आणि 1898 मध्ये पकडल्या गेलेल्या सामोरी तुरे या राजाची गाथा. राष्ट्राध्यक्ष स्वतःला त्याच सामोरीचे वंशज म्हणवत. मग ही स्तुती नेमकी कुणाची? ‘बाले आफ्रिकें’ हा नृत्यसंघ जगभर नेणारे, पुढे मंत्री झालेले केइता फोदेबा 1969 मध्ये कोनाक्रीतल्या बोइरो या तुरे सरकारच्या तुरुंगछावणीत मारले गेले. त्या शहरात मनातलं गाणं कोण गाणार होतं?

मध्यलय:
दोघांनीही बँडचा गायक देम्बा कामारा याचं नाव घेतलं नाही, याचं वाईट वाटलं. लोक नाचायचे ते त्या आवाजावर. 1973 मध्ये सेनेगलमधल्या डाकारला मोटार अपघातानंतर तो गेला. सरकार तेच, पगार तोच, तरी बँडला सावरायला काही वर्षं लागली. यातच उत्तर आहे असं मला वाटतं.

तंतुनाद:
रानवाट, फोदेबांपुढे माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते शोधणारही नाही. ती हत्याच होती. पण सामोरीच्या गाथेबद्दल असहमत. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात आपला हरलेला राजा इलेक्ट्रिक गिटारवर, ट्रम्पेटच्या साथीने पहिल्यांदा ऐकणाऱ्याला राष्ट्राध्यक्षांची वंशावळ आठवली असेल? मला तरी त्यातलं युद्ध ऐकू येतं. शिवाय 1984 मध्ये तुरे वारले, लष्कराने सत्ता घेतली, आणि पुढच्या काही वर्षांत बँड थंडावला. आधार होता म्हणूनच तो गेल्याचं जाणवलं ना?

रानवाट:
थंडावला, पण संपला नाही. 2002 मध्ये हीच मंडळी नवा अल्बम घेऊन परत आली. तुरे जाऊन तेव्हा 18 वर्षं झाली होती. आज रात्री तो लावा आणि फक्त सेकूची गिटार ऐका. मग बोलू.