सलग तासभर व्यायाम, की दिवसभरात तुकड्यातुकड्याने?

पायरीपायरीने:
सहा वर्षं माझं एकच चाललं होतं. जानेवारीत व्यायाम सुरू व्हायचा आणि मार्चपर्यंत सुटायचा. मुलगी आजारी पडली किंवा रात्री काम लांबलं की पहाटेचा तास हुकायचा, आणि तास हुकला की दिवसच वाया गेला असं मी धरून चालायचो. आठ महिन्यांपूर्वी तो तास सोडून दिला. आता दर तासाला खुर्चीवरून उठतो आणि दोन मजले भरभर चढतो, नाहीतर पंधरा बैठका मारतो. दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटं चालतो. रात्रीपर्यंत पंचवीस-तीस मिनिटं भरतात. या आठ महिन्यांत सलग तीन दिवस कधीच बुडाले नाहीत.

म्हणून माझं ठाम मत आहे की बैठं काम करणाऱ्याला ‘रोज एक तास काढा’ हा सल्ला देणं आता थांबवावं. सलग दहा मिनिटं झाली तरच व्यायाम मोजायचा, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं चांगला दमवणारा व्यायाम हवा. ती मिनिटं कशी जमवायची ते आपण ठरवायचं.

लांबपल्ला:
असहमत. अट काढली याचा अर्थ ‘थोडं केलं तरी उपयोग होतो’ एवढाच. तेवढं पुरतं, असं कुणी म्हटलेलं नाही. मी अकरा वर्षं धावतोय. पहिली दहा मिनिटं अंग नुसतं कुरकुरत असतं, मग श्वास लयीत येतो. पाऊण तासानंतर पाय जड झालेले असताना वेग टिकवायचा, ही शिकवण दोन मिनिटांच्या तुकड्यांतून मिळणार नाही. दम टिकवायचा असेल तर शरीराला बराच वेळ दमू द्यावं लागतं.

आणि आकडेच बघायचे तर २०१६ चा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास बघा. दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती होती. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांचा मृत्यूचा वाढीव धोका जवळपास पुसला गेला, तो रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम हालचाल करणाऱ्यांत. तुमची पंचवीस मिनिटं त्याच्या निम्मीही नाहीत.

पायरीपायरीने:
निम्मी नाहीत, हे मान्य. मिनिटं वाढवायला हवीत. पण त्या अभ्यासात दिवसाची एकूण हालचाल धरली होती, सलग तासाची अट नव्हती. म्हणजे तो तुमच्या बाजूने जितका बोलतो तितकाच माझ्याही.

साखरेची वही:
मला मधुमेह आहे, त्यामुळे माझ्यासाठी हा वाद तात्त्विक नाही. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतो. साखर चढते ती जेवल्यावर, म्हणून पाय हलायला हवेत तेही तेव्हाच. सकाळी पाऊण तास चाललं की मला छान वाटायचं, पण रात्रीच्या जेवणानंतरचा आकडा तसाच राहायचा. तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालायला लागले तेव्हा कुठे तो खाली आला. २०१३ मध्ये साठीपुढच्या लोकांवर नेमका हाच प्रयोग झाला होता: एकीकडे ४५ मिनिटं सलग, दुसरीकडे जेवणानंतर १५ मिनिटं तीनदा. माणसं जेमतेम दहा होती, पण रात्रीच्या जेवणानंतरची साखर तुकड्यांनीच जास्त उतरली.

औषधं चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारून वेळा ठरवाव्यात.

अर्धा_ग्लास:
तुकड्यांच्या बाजूने २०२२ चा एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो, म्हणून आधीच लिहितो. ब्रिटनमधले २५ हजारांवर लोक, सरासरी वय ६२ च्या आसपास, मनगटावर मोजणी यंत्र. ‘आम्ही व्यायाम करत नाही’ असं सांगणारेच निवडले होते. दिवसात तीन वेळा एक-दोन मिनिटं जोरात हालचाल होणाऱ्यांत पुढच्या सुमारे सात वर्षांत मृत्यूचं प्रमाण ३८ ते ४० टक्के कमी दिसलं.

आकडा मोठा आहे, पण तुलना कोणाशी आहे ते बघा. अशी हालचाल अजिबात न करणाऱ्यांशी! तासभर व्यायाम करणारे त्यात नव्हतेच. शिवाय ज्याचं हृदय आधीच थकलंय तो जिना भरभर चढणारच नाही. मग जिन्याने आयुष्य वाढलं, की तब्येत धड होती म्हणून जिना चढता आला? नुसत्या निरीक्षणातून हे सुटत नाही.

दार_लावून_घेते:
मिनिटांचा हिशोब तुम्ही मांडलाच आहे, मी दुसरंच सांगते. घरात सासूबाई अंथरुणावर आहेत. माझा दिवस आधीच तुकड्यातुकड्यांचा आहे. कोणीतरी हाक मारतं, मी उठते, पुन्हा बसते. संध्याकाळी नणंद येते तेव्हाचा एक तास मी दार लावून घेते आणि अंग मोडेपर्यंत व्यायाम करते. तो माझा तास आहे. तोही दोन-दोन मिनिटांत वाटून टाका म्हणाल तर मी ऐकणार नाही.

लांबपल्ला:
ताई, +१.

सांधेजोड:
फिजिओथेरपिस्ट आहे. दोन्हीकडची माणसं माझ्याकडे दुखणी घेऊन येतात. दोन तास खुर्चीत बसून एकदम धावत जिना चढणाऱ्यांची पोटरी धरते. आधी अर्धा मिनिट जागच्या जागी चाला, टाचा वर-खाली करा.

दुसरं म्हणजे पायरीपायरीने, तुमच्या पंधरा बैठका आठ महिन्यांपूर्वीही पंधराच होत्या ना? स्नायूला भार वाढवून दिला नाही तर तो तिथेच थांबतो. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस हवेत, आणि तिथे मला वीस-पंचवीस मिनिटं एकत्र दिलेली बरी वाटतात. चाळिशीनंतर तर नक्कीच.

पायरीपायरीने:
पंधराच आहेत, खरंय. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बुधवार-रविवार वीस मिनिटं ताकदीला देतो. पहाटेच्या तासाकडे मात्र परत जाणार नाही. दार_लावून_घेते, तुमचा तास कोणी मागू नये. माझं म्हणणं ज्यांना तो मिळतच नाही त्यांच्यासाठी होतं.

सांधेजोड, एक विचारतो: चढताना काही होत नाही, उतरताना उजवा गुडघा बोलतो. जिना बंद करू का?

सांधेजोड:
लगेच बंद नको. उतरताना गुडघ्याच्या वाटीवर चढण्यापेक्षा जास्त भार येतो. दोन आठवडे चढा भरभर, पण उतरा कठडा धरून, एकेक पायरी. लिफ्ट असेल तर खाली तिनेच या. सूज आली किंवा रात्री ठणकलं तर प्रत्यक्ष दाखवा.