अनुभव धागा: मित्रांसोबत जुने मेटल अल्बम पुन्हा ऐकून लावलेली क्रमवारी

धागाकर्ता: जुलै २०२५ मध्ये ब्लॅक सबाथचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला आणि आमच्या कंपूने ठरवलं, १९७० ते १९९० मधले अल्बम एकत्र बसून ऐकायचे. गाणं पुढे ढकलायचं नाही, अल्बम संपल्यावरच मत. माझ्याकडे पहिला सबाथचाच 'मास्टर ऑफ रिॲलिटी' (१९७१). त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा. त्याच हाताच्या दोन बोटांची टोकं तरुणपणीच बर्मिंगहॅमच्या कारखान्यात तुटलेली. तारा सैल, दाबायला सोप्या राहाव्यात म्हणून इथल्या काही गाण्यांत गिटार दीड स्वर उतरवलीय. पुढचं निम्मं मेटल त्या उतरवलेल्या तारांवर उभं आहे, असं माझं ठाम मत. तुमचे अनुभव लिहा, भांडणांसकट.

बेसवाला: आमच्याकडे मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) बिनविरोध पहिला. खरी मारामारी त्यांच्याच '...अँड जस्टिस फॉर ऑल'वर (१९८८). गाणी तगडी, पण बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. मी म्हटलं, आधीचा बेसवादक क्लिफ बर्टनच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडला यात शोधून दाखवा, मग मत देतो. स्पीकर बदलले, हेडफोन लावले. नाहीच सापडला. सहावा क्रमांक, तोही मेहरबानी म्हणून.

पेनकिलर९०: नावावरून कळलं असेलच, जुडास प्रीस्टचा 'पेनकिलर' (१९९०). पहिला. चर्चा नाही.

ठाणेकरीण: आम्ही तिघी मैत्रिणी. स्लेयरचा 'रेन इन ब्लड' (१९८६) जेमतेम एकोणतीस मिनिटांचा. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एकाच बाजूला अख्खा मावायचा. कुकर लावला आणि भात होईपर्यंत दोनतृतीयांश अल्बम उरकला! मी वरचा क्रमांक दिला, कारण एकही गाणं भरतीचं नाही. तिसरीला मात्र सगळी गाणी एकच वाटली. तिच्याशी अबोला नाही, पण थोडक्यात वाचली.

बीकेसी२००८: आयर्न मेडनचा 'पॉवरस्लेव्ह' (१९८४) ऐकताना आमच्यात सरळ दोन तट पडले. १ फेब्रुवारी २००८ ला मेडन मुंबईत ऐकलेले आणि न ऐकलेले. इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेवरचं यातलं तेरा मिनिटांचं गाणं त्या रात्री प्रत्यक्ष ऐकलेल्यांनी दहापैकी दहा दिले. बाकीच्यांचं म्हणणं, तुम्ही मैदानाला गुण देताय, अल्बमला नाही. मुद्दा बिनतोड होता, म्हणून आम्ही आवाज वाढवला.

बेसवाला: @ठाणेकरीण, तिसरीला बाडिस, म्हणजे पूर्ण सहमत. :)

डिओभक्त: धागाकर्ते, 'हेवन अँड हेल' (१९८०) सबाथमध्ये धरलात की वेगळा? ऑझीच्या नावाने बसलेल्या कंपूत, त्याच्या जागी आलेल्या आमच्या डिओला मतं कोण देणार?

धागाकर्ता: सबाथमध्येच. तिसरा आलाय. दोघे अजून उपोषणाला बसलेत.