भिंत रंगवून झाल्यावर पुढे काय?

प्रश्न आलाय, की सॅन फ्रान्सिस्कोसारखा कला आयोग, म्हणजे शहरातल्या सार्वजनिक कलेचं काम बघणारी सरकारी संस्था, नवी मुंबईला असता तर काय बदललं असतं. माझ्या मते सगळ्यात आधी देखभाल. तिथला आयोग १९३२ पासून आहे, आणि १९६९ च्या नियमामुळे सरकारी बांधकामाच्या खर्चातले २ टक्के कलेसाठी बाजूला निघतात. भित्तिचित्राच्या प्रस्तावात आराखड्यासोबत देखभालीची सोयही मांडावी लागते.

आपल्याकडे स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की भिंती रंगतात. मुलं फ्लेमिंगो फार सुरेख काढतात, उन्हातान्हात परांचीवर उभं राहून. पण नेरूळला आमच्या गल्लीतली भिंत बघा: खालचा हातभर भाग ओल धरून फुगलाय, पक्ष्यांच्या पायांचे पोपडे निघालेत, आणि वर भाड्याच्या खोल्यांची पत्रकं चिकटलीत. ओलीचा बंदोबस्त न करता रंग मारला की हे व्हायचंच.

दुसरं, चित्र पुसायचं कोणी ठरवायचं? दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं गेलं, त्यात त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला ते सहगल यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ कलाकाराच्या पाठीशी आहे, हे आपल्या चित्रकार मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

आयोग होईल तेव्हा होईल. निविदेत तीन पावसाळ्यांची डागडुजी आणि भिंतीवर चित्रकाराचं नाव, एवढं तर आत्ताच मागता येईल. प्रभागातल्या कुणाला सोबत अर्ज द्यायचा असेल तर कळवा.