टेक्स्ट एडिटर आणि वर्ड प्रोसेसर: मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न:
एका लेखात टेक्स्ट एडिटरसाठी 'मजकूर संपादक' वाचलं आणि अडखळले, कारण संपादक म्हटलं की मला पेपरचा संपादकच दिसतो. वर्ड प्रोसेसरला कोणी शब्दसंस्कारक म्हणतं, कोणी शब्दप्रक्रियक. पण दोन्हीकडे टाइपच करायचं असतं ना, मग एकच शब्द का नको?

प्रतिसाद:
एकच शब्द नको हो, घोटाळा होईल. एडिटरच्या फाइलमधे फक्त अक्षरं असतात. नोटपॅड हा असाच एडिटर, त्यात 'मराठी' एवढंच लिहून यूटीएफ-८ मधे (अक्षरं बाइटमधे साठवायची एक पद्धत) सेव्ह करा, फाइल १५ बाइटची होते, म, र, काना, ठ, वेलांटी अशी ५ चिन्हं आणि प्रत्येकी ३ बाइट, बास. तोच शब्द वर्ड या वर्ड प्रोसेसरमधे सेव्ह केला तर फाइल कितीतरी केबींची, कारण फॉन्ट, समास, पानाचा आकार सगळं तिच्यात बसलेलं असतं. वर्डच्या या डॉकएक्स फाइलची कॉपी करून नावाच्या शेवटी झिप लावा आणि उघडा, आत फोल्डर सापडतील आणि तुमचा मजकूर एका एक्सएमएल फाइलमधे. म्हणून मी म्हणेन एकात मजकूर तयार होतो, दुसऱ्यात दस्तऐवज.

प्रतिसाद:
हे मी अनुभवलंय. स्मरणिकेसाठी एकांचा लेख आला, जुन्या फॉन्टमधे टाइप केलेला. वर्डमधे छान मराठी दिसत होतं, नोटपॅडमधे पेस्ट केलं तर भलतीच इंग्रजी अक्षरं! म्हणजे फाइलमधे मराठी नव्हतंच, इंग्रजी अक्षरांना फॉन्टने देवनागरीचं रूप दिलं होतं, सगळा लेख परत टाइप करावा लागला. तेव्हापासून आलेला प्रत्येक लेख आधी एडिटरमधे उघडून बघते.

प्रतिसाद:
'संपादक'बद्दल. विश्वास संपादन केला, ज्ञान संपादन केलं, इथे अर्थ मिळवणं असा आहे, पेपरवाला अर्थ नंतर चिकटला असणार. पण आता संपादक म्हणजे माणूसच, जो काय ठेवायचं काय काढायचं ते ठरवतो, प्रोग्रॅम काही ठरवत नाही. म्हणून मला 'संपादक' नको वाटतं, सरळ एडिटर म्हणा. 'मजकूर' मात्र सोडू नका. मूळ अरबी, अर्थ 'उल्लेख केलेला', पंचनाम्यात 'मजकूर इसम' येतो तो हाच.

मूळ प्रश्न विचारणारी:
पटलं. आणि विंडोजमधलं वर्डपॅड या दोनपैकी कुठल्या बाजूला धरायचं? आता विंडोज ११ मधून काढलंय, पण माझ्याकडे त्याच्या जुन्या फाइली आहेत.

प्रतिसाद:
दस्तऐवजाच्या बाजूला. ठळक, तिरपं, फॉन्टचा आकार हे सगळं आरटीएफमधे, म्हणजे वर्डपॅडच्या फाइल प्रकारात, फाइलीतच जातं. नोटपॅडच्या टीएक्सटी फाइलमधे तसं काही जात नाही, नोटपॅडमधे फॉन्ट बदललात तरी तो तुमच्या स्क्रीनपुरता, दुसऱ्याकडे फाइल गेली की त्याच्याकडचा फॉन्ट.

प्रतिसाद:
प्लेन टेक्स्टला, म्हणजे एडिटरमधल्या नुसत्या अक्षरांना, 'साधा मजकूर' म्हणू नये असं मला फार वाटतं, साधा म्हटलं की कमी प्रतीचा वाटतो. आपण निव्वळ नफा म्हणतो, सगळं वजा करून उरतो तो. तसा 'निव्वळ मजकूर'.

प्रतिसाद:
वा, हा शब्द घेतला! लेख मागवताना यापुढे 'निव्वळ मजकुरात पाठवा' असंच लिहीन, आणि कंसात टीएक्सटी, निदान पहिलं वर्षभर.