नववी पास, आयटीआय वेल्डर, वय 20 : आखातात जायचं तर सुरुवात कुठून?

वाशिष्ठीकाठ
धाकट्या भावासाठी विचारतोय. नववीनंतर आयटीआयला वेल्डर (एक वर्षाचा ट्रेड) केलाय. पासपोर्ट अजून काढलेला नाही. गावातला एजंट म्हणतो, 1 लाख 20 हजार द्या, व्हिजिट व्हिसावर दुबईला पाठवतो, पुढचं तिकडे कंपनी बघेल. घरचे दागिने गहाण टाकायला निघालेत. हे चालतं का? नसेल तर सरळ मार्ग कोणता?

फॉर्म१७
दागिने कपाटातच राहू द्या. दहावी नसेल तर ईसीआर (नोकरीला परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा) पासपोर्ट मिळतो. यूएई, सौदी, कतार, ओमान धरून 18 देशांत नोकरीला जायचं तर अशा पासपोर्टवर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलमधून प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आयटीआय झालंय म्हणून सुटका होईल असं समजू नका. एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटी (केंद्राची किंवा राज्याची व्यवसाय प्रशिक्षण परिषद) यांचा कोर्स दोन वर्षांचा असेल तरच सूट. म्हणजे दोन वर्षांचा फिटर सुटतो, एक वर्षाचा वेल्डर अडकतो!

व्हिजिट व्हिसाची मेख इथेच आहे. ही मंजुरी फक्त नोकरीला जाणाऱ्यांना लागते, म्हणून पोराला परतीचं तिकीट देऊन पर्यटक म्हणून विमानात बसवतात. मग करार नाही, प्रवासी भारतीय बीमा योजनेचा 10 लाखांचा अपघात विमा नाही. यूएईत व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदेशीर आहे, त्यामुळे पगार बुडाला तरी तक्रार करताना आधी तोच अडचणीत येतो.

माझ्या मते आधी दहावी करून घ्या. बोर्डाचा 17 नंबर फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागेल. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून पाच विषयांतही होतं. पासपोर्ट निकालानंतर काढा. आत्ता 1500 रुपये भरून ईसीआरवाला काढला, तर शिक्का उडवायला पुन्हा तेवढेच जातील.

रूटपास
कागदाचं वर आलंच आहे, मी हाताचं सांगतो. नुसत्या आयटीआयवर मिळाली तर हेल्परची जागा मिळते. पाइप वेल्डरला बरा पगार आहे, पण त्यासाठी ट्रेड टेस्टला 6जी स्थितीतला जोड मारून दाखवावा लागतो : पाइप 45 अंशांत पक्का बांधलेला, तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. रूट (जोडाचा तळाचा पहिला थर) टिग वेल्डिंगने, वरचे पास (थर) 7018 रॉडने.

पोरं नापास होतात ती बहुतेक रूटला. दोन पाइपांमधला गॅप 2.5 ते 3 मिमी हवा. टॅक (पाइप धरून ठेवणारा छोटा टाका) घातल्यावर त्याची दोन्ही टोकं ग्राइंडरने उतरती केली नाहीत तर तिथे फ्यूजन होत नाही, म्हणजे धातू एकजीव होत नाही. पाइपच्या खालच्या बाजूला, घड्याळात सहा वाजतात त्या जागी, फिलर (जोडात भरायची तार) कमी पडला की रूट आत ओढला जातो. वरून कॅप (शेवटचा थर) कितीही देखणी असो, एक्स-रेत ते दिसतंच. 7018 दमट असेल तर पोरोसिटी (जोडात बारीक छिद्रं) येते. उघड्या पाकिटातले रॉड 300 ते 350 अंशांवर तास-दोन तास भाजून, गरम असतानाच वापरायचे.

घराजवळच लोटे एमआयडीसी आहे. तिथे केमिकल प्लांटच्या शटडाउनला पाइपिंगचं काम निघतं. आधी अप्रेंटिसशिप, मग वर्ष-दोन वर्षं फॅब्रिकेशन. अनुभवाच्या दाखल्यावर कामाच्या तारखा आणि वेल्डिंगची प्रोसेस लिहून घ्या, 'काम समाधानकारक' एवढ्यावर भागत नाही. सौदीला जायचं तर वेल्डरची स्किल व्हेरिफिकेशन परीक्षा इथेच द्यावी लागते.

वाशिष्ठीकाठ
धन्यवाद. पण एजंट म्हणतो, त्याच्याकडे लायसन्स आहे.

फॉर्म१७
लायसन्स नंबर मागा आणि ई-मायग्रेटच्या यादीत नाव, पत्ता, मुदत ताडून बघा. 'मुंबईच्या ऑफिसचा माणूस आहे' म्हणाला तर तो सब-एजंट, कायद्यात त्याला जागाच नाही. लायसन्सवाल्यालाही सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 घेता येतं, 18 टक्के जीएसटी धरून 35,400. तेही बँकेतून, पावतीसह. यूएईच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायलाच मनाई आहे. मग 1 लाख 20 हजार कसले, हे त्याला लेखी द्यायला सांगा. देणार नाही.

रूटपास
एक राहिलं. कोणालाही पैसे देण्याआधी गावाकडेच छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बी-सीची तपासणी करून घ्या. जुन्या टीबीचा डाग असला तरी वाफिदच्या (आखाती देशांच्या व्हिसासाठीच्या, जुन्या गामकाच्या) मेडिकलला अनफिट मारतात, आणि एजंटाला दिलेले पैसे तेव्हा परत मिळत नाहीत.