पाणी बदललं म्हणजे धोका संपला?

काही जण म्हणतात की आर्सेनिक (जमिनीतून पाण्यात उतरणारं विष) असलेला हातपंप बंद करून दुसरं पाणी सुरू केलं की दोन-चार वर्षांत शरीर साफ होतं. अर्धंच खरं आहे. लघवीतलं आर्सेनिक काही दिवसांतच उतरतं, पण झालेलं नुकसान तसंच राहतं.

चिलीतलं आंतोफागास्ता बघा. आटाकामाच्या वाळवंटातलं शहर, तेव्हा नळाशिवाय दुसरं पाणी नव्हतंच. 1958 मध्ये डोंगरातल्या नदीचं पाणी नळाने आलं आणि लिटरमागे 800 मायक्रोग्रॅमच्या वर आर्सेनिक अख्ख्या गावाच्या पोटात गेलं. आजची मर्यादा 10 आहे! 1970 च्या सुमारास शुद्धीकरण केंद्र बसलं, पातळी उतरली. झालं, सगळ्यांना वाटलं सुटलो. पण फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू शिगेला पोचले ते 1990 च्या दशकात, म्हणजे वीसेक वर्षांनी. मूत्राशयाचंही तेच. आणि जी मुलं त्या काळात आईच्या पोटात किंवा तान्ही होती, त्यांच्यात ऐन तिशी-चाळिशीत फुप्फुसाच्या आजारांचे मृत्यू खूप वाढले. मला तरी हे सगळ्यात भयंकर वाटतं.

त्यामुळे जुनं पाणी प्यायलेल्यांनी तपासणी सोडू नये. तळहातावर बोट फिरवल्यावर रव्यासारखे कडक दाणे लागतात का, छातीपाठीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे डाग आहेत का, ही आर्सेनिकची लक्षणं बघायला यंत्र लागत नाही. विडी-सिगारेट असेल तर आधी ती सोडा. दोन्ही मिळून धोका फार वाढतो.

आणि हो, "आम्ही उकळून पितो" म्हणणाऱ्यांसाठी: पाणी आटतं, आर्सेनिक पातेल्यातच राहतं.