चंद्रकला शिकवायच्या कुठे: पडद्यावर की आकाशाखाली?

विज्ञानशिक्षिका:
चंद्रकलांचा धडा आला की एक उत्तर ठरलेलं असतं: "पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र लहान होतो." पुस्तकातल्या आकृतीने हा समज कधी हलला नाही. यंदा वर्गात स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर लावलं. वेळ सूर्यास्ताची धरली आणि तारीख एकेक दिवस पुढे नेली. चंद्र रोज साधारण १२ अंश पूर्वेला सरकत होता आणि भरत होता. मागच्या बाकावरची मुलगी एकदम म्हणाली, "बाई, सूर्यापासून लांब जातो तसा मोठा होतो!" सावलीचा विषय तिथेच संपला. पंधरवड्याचं आकाश दहा मिनिटांत दाखवणारं साधन फुकट मिळत असताना ते न वापरणं मला तरी पटत नाही.

आकाशवेडा:
मी असहमत आहे. त्या मुलीच्या "लांब"चा अर्थ काय, हे विचारलंत का? चंद्र सूर्यापासून कोनाने दूर जातो. अंतर त्या मानाने फारसं बदलत नाही. सपाट पडद्यावर हा फरक कळणार कसा? अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावा, हातात चेंडू धरा आणि स्वतःभोवती फिरा. चेंडूचा उजळलेला भाग किती दिसतो ते आपल्या मानेला कळतं. ती समज माउस फिरवून येत नाही.

भूगोलवाला:
यात भर घालतो. बऱ्याच ॲनिमेशनमध्ये पृथ्वीची कक्षा तिरकी दाखवतात, त्यामुळे ती लांबुळकी दिसते. मुलं लगेच ठरवतात की सूर्याजवळ आलो की उन्हाळा. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किमीवर. जुलैत ती १५.२ कोटी किमीवर जाते. ऋतू होतात ते अक्षाच्या कलामुळे. अंतरांचंही तेच. पृथ्वी १ सेंटिमीटरचा मणी मानली तर चंद्र ३० सेंटिमीटरवर आणि सूर्य सुमारे ११७ मीटरवर येतो. कुठल्या पडद्यात हे मावेल? मैदानात दोरी घेऊन चालायलाच हवं.

विज्ञानशिक्षिका:
"लांब"बद्दलचा मुद्दा मान्य. मी ते विचारलं नव्हतं, उद्या विचारते. पण शाळा दिवसा भरते हे विसरू नका. शहरातल्या दिव्यांत रात्रीही मोजकेच तारे दिसतात. स्टेलॅरियममध्ये प्रकाशप्रदूषण कमी-जास्त करता येतं. ते शून्यावर नेल्यावर आकाशगंगेचा पट्टा उमटला, तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. ज्यांनी तो पट्टा कधी पाहिलाच नाही, त्यांना आधी बाहेर जाऊन बघा म्हणायचं?

आकाशवेडा:
आकाशगंगेसाठी म्हणू नका, चंद्रासाठी जरूर म्हणा. चंद्र दिवसाही दिसतो! वद्य अष्टमीच्या सुमारास तो सकाळी पश्चिमेकडे असतो, शुद्ध अष्टमीला दुपारनंतर पूर्वेकडे. मधल्या सुट्टीत पाच मिनिटं पुरतात. वहीत तारीख, वेळ आणि आकार टिपायचा. पंधरा नोंदी झाल्या की मग पडदा उघडा. तेव्हा मुलांकडे स्वतःचा प्रश्न असेल.

गॅलेक्सी झू सदस्य:
पडदा म्हणजे फक्त चित्रं असं धरून चाललात, म्हणून लिहितोय. गॅलेक्सी झू हा इंटरनेटवरचा प्रकल्प २००७ साली सुरू झाला. त्यात दुर्बिणीने टिपलेल्या दीर्घिकांचे, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचे, खरे फोटो येतात, त्यांचा आकार सामान्य माणसं ठरवतात. त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला त्यात एक अनोळखी, चमकता वायुमेघ सापडला. तो कुणी आधी हिशेब करून काढलेला नव्हता. ही संधी मैदानातल्या दोरीत नाही.

विज्ञानशिक्षिका:
ठीक. पुढच्या वद्य अष्टमीपासून वह्या काढते, स्टेलॅरियम त्यानंतर. पण ढगाळ दिवसांच्या रिकाम्या चौकटी मुलं त्यावरूनच भरतील, वेगळ्या रंगाने. त्यावर आकाशवेडांची हरकत आहे का?

आकाशवेडा:
आहे. ती चौकट रिकामीच ठेवा. त्या दिवशी चंद्र कसा असेल याचा अंदाज आधी मुलांनी बांधू दे.